माइनक्राफ्टमध्ये सिंधुदुर्ग बांधायचा तर: कमांड्सची सोपी ओळख

सिंधुदुर्गाचा तट सुमारे ३ किलोमीटर लांब, ३० फूट उंच आणि १२ फूट रुंद. माइनक्राफ्ट या ठोकळे रचून बांधायच्या व्हिडिओ गेममध्ये एक ठोकळा म्हणजे एक मीटर. फुटांचे मीटर करून ३००० गुणिले ९ गुणिले ४ असा हिशोब मांडला, तर नुसत्या तटालाच १ लाख ८ हजार ठोकळे लागतात. सेकंदाला एक या वेगाने, न जेवता, न झोपता लावत बसलं तरी ३० तास. त्यात बुरूज धरलेले नाहीत, गोड्या पाण्याच्या विहिरी नाहीत, शिवराजेश्वराचं देऊळ नाही. खरा किल्ला १६६४ साली बांधायला घेतला आणि १६६७ साली पुरा झाला. मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलेल्या चाकरमान्यांच्या मुलांना तेवढा वेळ नसतो.

म्हणून कमांड्स. गेमला बटणांनी खेळवण्याऐवजी एक ओळ लिहून सांगायचं, ‘इथून इथपर्यंत दगड भर’, आणि पापणी लवायच्या आत तट उभा. ऐकायला सोपं. पण प्रत्यक्षात मुलं कुठल्यातरी व्हिडिओतून ओळ उतरवून घेतात, टाइप करतात, लाल अक्षरांत काहीतरी उमटतं आणि हाक येते, “काका, कमांड चलत नाय!” ती चालत नाही, कारण ती पाठ केलेली असते, समजलेली नसते. पन्नास कमांड्सची यादी भिंतीवर चिकटवून फारसा उपयोग होत नाही. जवळजवळ प्रत्येक कमांड तीन-चार प्रश्नांची उत्तरं देते: काय करायचं, कोणाला, कुठे, आणि कधीकधी कोणत्या अटीवर. या प्रश्नांवर पकड आली की न पाहिलेली कमांडसुद्धा वाचता येते.

लिपीबद्दल आत्ताच सांगून टाकतो. या लेखात कमांड्स देवनागरीत लिहिल्या आहेत. गेममध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या, बहुतेक वेळा लहान अक्षरांत. दोन शब्दांना जोडणारी खालची रेघ दिसली तर ती तशीच ठेवायची, तिथे मोकळी जागा सोडायची नाही.

आधी परवानगी

माइनक्राफ्ट एकच गेम वाटतो, पण त्याच्या दोन शाखा आहेत. संगणकावरची जुनी ती जावा एडिशन. फोन, टॅबलेट, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन आणि विंडोजवर मिळणारी दुसरी ती बेडरॉक एडिशन. आपल्याकडची बहुतेक मुलं फोनवर खेळतात, म्हणजे बेडरॉक. व्हिडिओ बनवणारे मात्र बरेचदा जावावर असतात. निम्म्याहून जास्त ‘चलत नाय’ इथेच जन्माला येतात. दोन्हीकडे कमांड्सचा सांगाडा सारखा, पण तपशिलात फरक. साधा विटांचा ठोकळा घ्या. जावात त्याचं नाव ‘ब्रिक्स’ आणि बेडरॉकमध्ये ‘ब्रिक_ब्लॉक’.

कमांड लिहायची जागा म्हणजे चॅटची खिडकी. संगणकावर तिरकी रेघ दाबली की ती उघडते, फोनवर वरच्या बाजूला चॅटचं चिन्ह असतं. ओळीची सुरुवात तिरक्या रेघेने करायची, नाहीतर गेमला वाटतं तुम्ही गप्पा मारताय, आणि ‘गेममोड क्रिएटिव्ह’ हे शब्द सगळ्या खेळाडूंना निरोप म्हणून जातात.

पण त्याआधी जगाला कमांड्सची मुभा हवी. नवं जग तयार करतानाच ‘चीट्स’ चालू करण्याचा पर्याय असतो. जावाच्या नव्या आवृत्त्यांत त्याला ‘अलाउ कमांड्स’ म्हणतात. बेडरॉकमध्ये नंतरही सेटिंग्जमधून ते चालू करता येतं, पण एकदा केलं की त्या जगात अचिव्हमेंट्स, म्हणजे गेम देतो ती शाबासकीची पदकं, मिळणं कायमचं बंद होतं. नंतर चीट्स परत बंद केले तरी ती वाट उघडत नाही. गेम आधी इशारा देतो, पण मुलं तो वाचण्याआधीच ‘ओके’ दाबून मोकळी होतात. जावामध्ये असा दंड नाही. तिथे मुभा न देता बनवलेल्या जगातही ‘ओपन टू लॅन’ करताना, म्हणजे एकाच वायफायवरच्या इतरांसाठी जग उघडताना, कमांड्स चालू करता येतात, आणि ती मुभा त्या बैठकीपुरतीच राहते.

एकाच वायफायवर चार भावंडं खेळत असतील, तर ज्याचं जग त्याच्या हाती किल्ल्या. बाकीच्यांना कमांड्स वापरू द्यायच्या तर त्यांना ‘ऑपरेटर’ करावं लागतं. माझं मत विचाराल तर सगळ्यात धाकट्याला ते पद देऊ नये. का, ते पुढे येईलच.

‘चीट्स’ या नावामुळे बऱ्याच पालकांना आणि काही मुलांनाही हे लबाडीचं वाटतं. मला निम्मं पटतं. ‘/गिव्ह @एस डायमंड ६४’ असं लिहून चौसष्ट हिरे खिशात घातले, की खाणीत उतरायचं कारणच संपतं आणि दोन दिवसांत गेम कंटाळवाणा होतो. पण तट कसा वळवायचा, दरवाजा कुठे लपवायचा, विहीर किती खोल न्यायची हे ठरवून मग दगड भरण्याचं ओझं गेमवर टाकलं, तर त्यात लबाडी कसली? डोकं तुमचंच चाललेलं असतं.

कुठे?

सगळ्यात जास्त घोळ जागेचा. माइनक्राफ्टमधल्या प्रत्येक ठोकळ्याला तीन आकड्यांचा पत्ता असतो: एक्स, वाय आणि झेड. शाळेत एक्स-वाय आलेखाच्या कागदावर शिकवतात, त्यामुळे मुलं वायला उत्तर-दक्षिण समजतात. इथे वाय म्हणजे उंची. जमिनीवरच्या दिशा एक्स आणि झेड सांभाळतात.

मालवणच्या किनाऱ्यावर उभे आहात असं धरा. समोर पश्चिमेला समुद्र. त्या दिशेने चाललात तर एक्स कमी होत जातो. पाठ फिरवून घाटाकडे, पूर्वेला निघालात तर एक्स वाढतो. वेंगुर्ल्याच्या, गोव्याच्या बाजूला दक्षिणेकडे गेलात तर झेड वाढतो, रत्नागिरीकडे उत्तरेला गेलात तर झेड घटतो. शून्याच्या पलीकडे गेलं की आकड्याआधी वजा चिन्ह येतं, आणि ते टाइप करायला विसरलं तर तट भलत्याच मुलखात उभा राहतो. तो तिथेच असतो, फक्त तुम्हाला दिसत नाही.

उंचीला मर्यादा आहे. २०२१ साली आलेल्या १.१८ आवृत्तीपासून जग वजा ६४ पासून ३२० पर्यंत पसरलं आहे आणि समुद्राचं पाणी ६२ या उंचीवर संपतं. म्हणजे पाण्यावर अडीचशेहून थोडी जास्त मीटर जागा. एकास एक मापात मालवण, देवगड, विजयदुर्ग आरामात मावतात. आंबोली मात्र नाही. ती समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. ती हवीच असेल तर माप तिप्पट लहान करावं लागेल.

आपण आत्ता कुठे आहोत हे बघायला बेडरॉकमध्ये सेटिंग्जमधून ‘शो कोऑर्डिनेट्स’ चालू करा. जावात एफ-३ कळ दाबली की माहितीची भिंतच उभी राहते. तिच्यातली ‘ब्लॉक’ ही ओळ तेवढी वाचायची. मग

/टीपी @एस १२० ८० -३४०

असं लिहिलं की तुम्ही थेट त्या पत्त्यावर. पण दरवेळी आकडे कोण शोधणार? त्यासाठी नागमोडी चिन्ह ~ आहे. त्याचा अर्थ ‘मी आहे तिथून’. ‘~ ~१० ~’ म्हणजे एक्स आणि झेड तेच, उंची दहाने जास्त. ‘~-५ ~ ~’ म्हणजे पाच पावलं समुद्राकडे. फोनच्या कीबोर्डवर हे चिन्ह चिन्हांच्या दुसऱ्या पानावर दडलेलं असतं, तिथे शोधा. आणखी एक चिन्ह आहे, वरच्या बाणासारखं ^. ते तुमचं तोंड ज्या दिशेला आहे त्याप्रमाणे मोजतं: डावीकडे, वर, पुढे. ‘^ ^ ^५’ म्हणजे नाकासमोर पाच ठोकळे, मग तुम्ही कुठल्याही दिशेला बघत असा. एकाच पत्त्यात दोन्ही चिन्हं मिसळायची नाहीत, गेम ते नाकारतो.

कोणाला?

वरच्या कमांडमध्ये ‘@एस’ आलं होतं. ते म्हणजे ‘कमांड चालवणारा तो’, बहुधा तुम्ही स्वतः. ‘@पी’ म्हणजे सगळ्यात जवळचा खेळाडू, ‘@ए’ म्हणजे सगळे खेळाडू, ‘@आर’ म्हणजे त्यातला कोणीही एक. ‘/टीपी @ए @एस’ लिहिलं की जगभर पांगलेली भावंडं एका क्षणात तुमच्या पुढ्यात हजर. जेवायला बोलवायला असं काही असतं तर आजीचा घसा वाचला असता.

उरलं ‘@ई’, आणि इथे जपून. ‘@ई’ म्हणजे जगातली लोड झालेली प्रत्येक हलती गोष्ट. झॉम्बी, गाई, गावकरी, पाळलेला कुत्रा, होडी, खाणीतली गाडी, भिंतीवर टांगलेलं चित्र, जमिनीवर पडलेली तलवार, आणि तुम्ही. माझ्या भाच्याने रात्री अंगणात शिरलेले झॉम्बी घालवायला ‘/किल @ई’ लिहिलं. झॉम्बी गेले. त्याच्या बहिणीने मासे आणि हाडं जमवून माणसाळवलेली मांजरं आणि कुत्रेही गेले, आणि पुढचे दोन दिवस घरात अबोला होता.

उपाय चौकटी कंसात आहे. ‘@ई’च्या पुढे कंस लावून अटी घालता येतात:

/किल @ई[टाइप=झॉम्बी,डिस्टन्स=..२०]

‘ज्यांचा प्रकार झॉम्बी आहे आणि जे माझ्यापासून वीस ठोकळ्यांच्या आत आहेत, तेवढेच.’ दोन टिंबांनंतर २० म्हणजे वीसपर्यंत. २० नंतर दोन टिंबं असती तर वीसच्या पुढे. हे जावाचं. बेडरॉकमध्ये अंतरासाठी नुसतं ‘आर=२०’ लिहितात. एक सवय लावून घ्या. ‘@ई’ टाइप केल्यावर कंस उघडल्याशिवाय एंटर दाबायचं नाही.

दगड भरणं

आता तट. कमांडचं नाव ‘फिल’. तिला दोन पत्ते आणि एक ठोकळा सांगायचा:

/फिल १०० ६३ २०० १४९ ७१ २०३ स्टोन_ब्रिक्स

दोन पत्ते म्हणजे एका काल्पनिक खोक्याचे समोरासमोरचे दोन कोपरे, एक तळाचा आणि एक माथ्याचा. जमीन मोजणीत दोन हद्दीचे दगड मिळाले की मधली जागा आपोआप ठरते, तसंच, फक्त इथे उंचीही धरायची. वरच्या ओळीत एक्स १०० ते १४९ म्हणजे ५० ठोकळे लांबी, वाय ६३ ते ७१ म्हणजे ९ उंची, झेड २०० ते २०३ म्हणजे ४ रुंदी. एकूण १८०० ठोकळे.

१५० का नाही, १४९ का? कारण दोन्ही टोकांचे ठोकळे मोजणीत येतात. १०० ते १५० असं लिहिलं तर ५१ भरतील. एकटा तट असेल तर कोणाच्या लक्षात येणार नाही, पण तुकड्याला तुकडा जोडत तीन किलोमीटर गेलात तर दरवाजा बुरुजासमोर येतो आणि कुठे चुकलं ते सापडत नाही. शेवटच्या आकड्यातून पहिला वजा करून एक मिळवायचा, एवढं गणित प्रत्येक वेळी करा.

एका फिलमध्ये जास्तीत जास्त ३२,७६८ ठोकळे भरता येतात. आकडा विचित्र वाटतो, पण तो बाजूला ३२ ठोकळे असलेल्या चौकोनी ठोकळ्याचा आहे: ३२ गुणिले ३२ गुणिले ३२. त्याहून मोठं खोकं सांगितलं तर ‘टू मेनी ब्लॉक्स’ असं उत्तर येतं. आपल्या तटाचे १ लाख ८ हजार ठोकळे कागदावर चार कमांड्समध्ये बसतात. पण सिंधुदुर्गाचा तट सरळ नाही. तो कुरटे बेटाच्या कडेकडेने खडकाच्या आकाराप्रमाणे वळत जातो, त्यामुळे तुकडे छोटेच करावे लागतात. शिवाय फार लांबचा पत्ता दिला तर तो भाग गेमने लोड केलेला नसतो आणि कमांड नकार देते. जवळ जा, मग भरा.

ठोकळ्याच्या नावापुढे आणखी एक शब्द लावता येतो आणि फिलची खरी गंमत तिथे आहे. ‘होलो’ लावलं तर बाहेरच्या भिंती उभ्या राहतात आणि आत हवा. एका ओळीत खोली तयार. ‘आउटलाइन’ लावलं तर बाहेरचं कवच तेच, पण आतलं आहे तसं राहतं. ‘कीप’ म्हणजे जिथे हवा आहे तिथेच भर, बाकीच्याला हात लावू नको. ‘रिप्लेस’च्या पुढे दुसऱ्या ठोकळ्याचं नाव लिहिलं तर फक्त तोच बदलतो:

/फिल १०० ६३ २०० १४९ ७१ २०३ ग्रॅनाइट रिप्लेस स्टोन_ब्रिक्स

तटातला दगड बदलला, मधे लावलेल्या मशाली आणि जिने तसेच राहिले. ग्रॅनाइट अशासाठी, की माइनक्राफ्टमध्ये जांभा नाही. कोकणातलं घर बांधायचं तर तांबूस ठोकळ्यांतून जवळचा रंग निवडावा लागतो. माडही नाही. जंगलातल्या लाकडाचा खांब आणि वर पानांचे चार हात काढून भागवावं लागतं, आणि ते कधीच माडासारखं दिसत नाही. कांदळवन मात्र आहे! २०२२ च्या १.१९ आवृत्तीत ते आलं, चिखल आणि आधारमुळांसकट. ‘/लोकेट बायोम मॅन्ग्रोव्ह_स्वॉम्प’ लिहिलं की सगळ्यात जवळच्या कांदळवनाचा पत्ता मिळतो. खाडीकाठचं गाव वसवायला तिथून सुरुवात करावी.

बुरुजांसाठी ‘क्लोन’. किल्ल्याला चाळीसहून जास्त बुरूज आहेत. एक हाताने नीट बांधायचा आणि बाकीचे उतरवून घ्यायचे. क्लोनला तीन पत्ते लागतात: मूळ खोक्याचे दोन कोपरे आणि नकल जिथे ठेवायची ती जागा.

/क्लोन १०० ६३ २२० ११० ७५ २३० १४५ ६३ १९६ मास्क्ड

तिसरा पत्ता नकलेच्या मध्याचा समजून लोक फसतात. तो तळाच्या वायव्य कोपऱ्याचा, म्हणजे जिथे तिन्ही आकडे सगळ्यात लहान त्या कोपऱ्याचा. ‘मास्क्ड’ म्हणजे मूळ खोक्यातली हवा उतरवू नको. त्यामुळे बुरूज पोकळ असला तरी नकल तटात घुसते तेव्हा तिथला तट खोडला जात नाही. क्लोनला बुरूज फिरवता येत नाही, म्हणून तो पूर्ण गोल बांधा, मग कुठल्याही बाजूला चालतो.

पाया पाण्याखाली घालायचा असेल तर बुडी मारून काम करावं लागतं. जावामध्ये ‘/इफेक्ट गिव्ह @एस वॉटर_ब्रीदिंग ६००’ लिहिलं की दहा मिनिटं श्वासाची काळजी नाही. बेडरॉकमध्ये ‘गिव्ह’ शब्द गाळायचा. ‘नाइट_व्हिजन’ सोबत घेतलं तर तळही स्वच्छ दिसतो. ‘/वेदर क्लिअर’ने पाऊस थांबतो, ‘/टाइम सेट डे’ने सकाळ होते. यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

कोणत्या अटीवर?

‘गेमरूल’ जगाचे नियम बदलते. ‘/गेमरूल कीपइन्व्हेंटरी ट्रू’ लिहिलं की मेल्यावरही सामान हातातून जात नाही. लहान मुलांसोबत खेळताना हा नियम आधी लावा, रडारड वाचते. ‘रँडमटिकस्पीड’ वाढवला की पिकं, रोपं भराभर वाढतात, आणि कासवाची अंडीही लवकर फुटतात. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं येतात हे माहीत असलेल्या मुलांना गेममधलं कासवही ज्या किनाऱ्यावर जन्मलं तिथेच अंडी घालायला परततं, हे कळलं की फार आवडतं. हा आकडा जावात मुळात ३ आणि बेडरॉकमध्ये १ असतो. हजारावर नेला तर फोन गरम होऊन गेम अडखळायला लागतो. नियमांची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी बदलतात, म्हणून पूर्ण नाव स्वतः लिहू नका. दोन अक्षरं टाइप करून गेम सुचवतो त्यातून निवडा.

सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी कमांड म्हणजे ‘एक्झिक्यूट’. ती स्वतः काही करत नाही. दुसरी कमांड कोणाच्या नावाने, कुठून आणि कधी चालवायची ते ठरवते. समजा, वाळूवर चालताना पाय रुतायला हवेत:

/एक्झिक्यूट अ‍ॅज @ए अ‍ॅट @एस इफ ब्लॉक ~ ~-१ ~ सँड रन इफेक्ट गिव्ह @एस स्लोनेस १

घाबरू नका, डावीकडून तुकडे पाडा. ‘अ‍ॅज @ए’: प्रत्येक खेळाडूच्या नावाने, एकेकाला घेऊन. ‘अ‍ॅट @एस’: तो जिथे उभा आहे तिथून. ‘इफ ब्लॉक ~ ~-१ ~ सँड’: त्याच्या पायाखालचा ठोकळा वाळूचा असेल तर. ‘रन’: आता पुढची कमांड चालव. आणि पुढची कमांड त्याला एक सेकंदापुरती संथ करते.

यात ‘अ‍ॅज’ आणि ‘अ‍ॅट’ वेगळे का? ‘अ‍ॅज’ने माणूस बदलतो, जागा बदलत नाही. ‘अ‍ॅट @एस’ गाळलंत तर गेम खेळाडू एकेक करून घेईल, पण वाळू मात्र कमांड जिथून दिली त्या एकाच जागी तपासेल. तुम्ही वाळूवर उभे असाल तर डोंगरावरची बहीणही संथ होईल. तुम्ही ओट्यावर असाल तर किनाऱ्यावर पळणारा भाऊ सुसाट सुटेल. एक्झिक्यूट बिघडली की दहातल्या आठ वेळा मी आधी हाच शब्द शोधतो. ‘एस’चा अर्थही इथे सरकतो, हे बघा: तो आता तुम्ही नाही, ज्याच्या नावाने कमांड चालली आहे तो.

ही ओळ एकदा लिहिली तर एकदाच चालते. सतत चालू ठेवायची तर कमांड ब्लॉक हवा. तो साध्या यादीत सापडत नाही, ‘/गिव्ह @एस कमांड_ब्लॉक’ लिहूनच मागवावा लागतो, आणि उघडायला क्रिएटिव्हमध्ये, म्हणजे सगळे ठोकळे फुकट मिळतात त्या खेळप्रकारात, असावं लागतं. नारिंगी ब्लॉक इशारा मिळाल्यावर एकदा चालतो, जांभळा पुन्हापुन्हा, सेकंदाला वीस वेळा, आणि हिरवा आधीच्याच्या मागोमाग. वाळूची ओळ जांभळ्यात टाका आणि त्याला ‘नेहमी चालू’वर ठेवा.

माइनक्राफ्टच्या समुद्राला भरती-ओहोटी नाही, आणि किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ते लगेच खटकतं. दोन नारिंगी ब्लॉक्समध्ये ती बसवता येते. पहिल्यात भरती:

/फिल ५० ६३ ३०० १४९ ६३ ३९९ वॉटर कीप

दुसऱ्यात ओहोटी:

/फिल ५० ६३ ३०० १४९ ६३ ३९९ एअर रिप्लेस वॉटर

समुद्र ६२ वर संपतो, म्हणून ६३ वर पाण्याचा एक थर चढतो आणि उतरतो. ‘कीप’मुळे वाळू, खडक, ओढून ठेवलेल्या होड्या यांपैकी काहीच खोडलं जात नाही. शंभर गुणिले शंभर म्हणजे १०,००० ठोकळे, मर्यादेच्या बरेच आत. एका थरात १८१ गुणिले १८१ पर्यंत जाता येतं. चढवलेलं पाणी कडेने थोडं बाहेर ओघळतं, तिथे बांध घाला. प्रत्येक ब्लॉकवर एक बटण लावलं की काम झालं. आपोआप हवं असेल तर पहिल्याला ‘डेलाइट डिटेक्टर’, म्हणजे उजेड पडला की इशारा देणारा ठोकळा, लावा, दुसऱ्यालाही लावा, पण दुसऱ्यावर एकदा टिचकी मारून तो उलटा करा: उजाडताना भरती, मावळतीला ओहोटी. खरा समुद्र दिवसातून दोनदा भरतो, इथे एकदाच, पण गेमचा दिवसही वीस मिनिटांचाच आहे.

लाल अक्षरं आणि परतीची वाट

लाल अक्षरं आली की मुलं ओळ पुसून पुन्हा पहिल्यापासून टाइप करतात. आधी वाचा. जावा चुकीच्या जागेपर्यंतची ओळ दाखवून पुढे ‘हिअर’ असा बाण काढतो. चूक बाणाच्या लगेच आधी असते. बेडरॉकही कुठल्या शब्दाशी अडलं ते दाखवतो. शब्द अनोळखी म्हणत असेल तर ठोकळ्याचं नाव दुसऱ्या शाखेचं आहे. ओळ अर्धवट म्हणत असेल तर एखादा आकडा गाळला आहे, बहुधा उंचीचा. चॅटमध्ये वरचा बाण दाबला की संगणकावर मागची ओळ परत मिळते, तेवढा शब्द दुरुस्त करायचा. जावात एखाद्या ठोकळ्याकडे बघत टॅब दाबलं तर त्याचा पत्ता आपोआप भरला जातो, आकडे उतरवायची गरजच पडत नाही.

एक गोष्ट मात्र गेममध्ये नाही: मागे घेणं. फिलने खोडलेलं देऊळ परत आणणारी कमांड नाही. म्हणून मोठं काम करण्याआधी जगाची नकल काढून ठेवायची. बेडरॉकमध्ये जगाच्या नावाशेजारच्या पेन्सिलीवर टिचकी मारून खाली गेलं की ‘कॉपी वर्ल्ड’ सापडतं. जावात जग निवडून ‘एडिट’मध्ये ‘मेक बॅकअप’. नकलेला तारखेचं नाव द्या, नाहीतर चार ‘सिंधुदुर्ग’ एकाखाली एक दिसतात आणि मुलं जागा करायला म्हणून नेमका पुरा झालेला पुसतात.